छाट

फळ्याच्या मधोमध मी रेघ ओढली.
डावीकडे लिहिलं, बाहेरचा संघर्ष.
उजवीकडे, आतला.
अशोक चौकामागचं वाचनालय,
मे महिना, साडेसहा वाजले तरी भिंती तापलेल्या,
पंखा स्वतःलाच वारा घालत होता.
कथालेखनाच्या वर्गाला सातजण.
त्यातले दोघे बहुधा सावलीसाठी आलेले.

माणूस आणि पूर, माणूस आणि मालक : हे डावीकडे.
माणूस आणि त्याची शरम : हे उजवीकडे.
वीस वर्षं हेच सांगतोय,
खडू आपोआप चालतो.

भूदेवी चिप्पानं वही उघडली.
पेरापेरांत तंबाखूचा पिवळा रंग,
अक्षर मात्र टाचणीनं टोचल्यासारखं, बारीक, सरळ.
शाळा चौथीपर्यंत, तीही तेलुगूत.
मराठी ती दुकानांच्या पाट्यांवरून शिकली.

तिची गोष्ट अशी :
विडी कारखान्यात पान वाटताना कारकून चुकतो.
एकीच्या पिशवीत पाव किलो जास्त,
तिच्यामागं उभ्या हुसेनबीच्या पिशवीत तेवढंच कमी.
पहिलीला घरी गेल्यावर कळतं.
ती कुणाला काही बोलत नाही.
दुसऱ्या दिवशी हुसेनबीची हजार विडी भरत नाही.
चेकर म्हणतो, पान बाहेर विकलंस.
मजुरी कापतो, वर मूठ मूठ छाट काढतो.
तेव्हा ती पहिली बाई उठते,
चेकरची गचांडी धरते,
सगळ्या बायकांहून मोठ्यानं ओरडते :
गरिबाच्या पोटावर पाय देतोस?
पत्रे हादरतात.
चेकर कापलेले पैसे मोजून देतो.
हुसेनबी तिच्या गळ्यात पडून रडते.

इथं वही संपली.

मी म्हणालो, छान.
बाहेरचा संघर्ष ठसठशीत उतरलाय.
आतला जरा वाढवा.
म्हणजे, तिला रात्रभर झोप लागत नाही,
असं काहीतरी.

भूदेवी फळ्याकडे बघत राहिली.
'सर, ते ओरडणं कुठल्या बाजूला लिहायचं?'

खडूचा चुरा माझ्या मनगटावर घामात भिजत होता.

'आणि झोप लागते की तिला,
ओरडून ओरडून दमते ना. गाढ झोपते.
त्यासाठीच तर ओरडते.'

सावलीसाठी आलेल्यांपैकी एकजण
पहिल्यांदाच सरळ बसला.

आमच्यात आत म्हणजे लोपल, ती म्हणाली,
बाहेर म्हणजे बयट.
मला ऐकू आलं, लोपला.
दिवस लोपतो तसा.
माणूस आपल्याच आवाजामागं लोपला.
मी विचारून घेतलं नाही, चूक तशीच ठेवली.

आठवलं, गेल्या महिन्यातली बैठक.
पुस्तकं गहाळ होतात म्हणून
टेबलावर हात आपटणारा मी,
खाली मान घालून उभा असलेला शिपाई श्रीपती,
आणि घरी, कपाटात, उशांच्या खोळींखाली
या वाचनालयाचा शिक्का असलेलं एक पुस्तक.
त्या रात्री मीही गाढ झोपलो होतो.

रेघ पुसावी असं वाटलं.
पण नुसती रेघ पुसून काय होणार,
दोन्ही बाजूंची अक्षरं माझीच.

पाचव्या दिवसाचं पाणी आज येणार होतं,
ती घाईनं उठली, वही पदराखाली.
दाराशी मी विचारलं,
आणि ते जास्तीचं पान? त्याचं काय झालं?

चपलेत पाय घालता घालता भूदेवी म्हणाली,
'तोवर भिजत घातलं होतं, सर.
भिजलेलं पान ठेवता येत नाही, काळं पडतं.
वळावंच लागतं.'

मग दोन पायऱ्या उतरून, माझ्याकडे न बघता,

'चेकर घाबरलेला होता ना.
त्यातली एकसुद्धा छाटीत गेली नाही.'